काशीतला हरताळ

करवीरास दक्षिण काशी म्हणतात. तेव्हा उत्तरेतल्या काशीबद्दल कोल्हापूरच्या श्रोत्यांपुढे बोलायचे, तर जरा जपूनच बोलले पाहिजे. त्यातून बोलणारा मनुष्य कामगार चळवळीतला. 'तुम्ही काशीवर बोलणार म्हणजे काशीत मल्हारीमाहात्म्यच की,' असे व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एका स्नेह्याने आम्हांस हसत हसत म्हटलेही. आम्ही त्याला म्हटले, 'मल्हारी राहू द्या, आम्ही लोहारांचे माहात्म्य सांगणार आहोत.' ते कोणते, ते पुढे येईलच. आमचे शिक्षण वाचनालयाच्या टेबलावर झालेले. त्यामुळे आम्ही जे सांगू ते शास्त्र्यापंडितांच्या थाटाने सांगता येणार नाही. परंतु वाचताना आमची नजर कुठे अडते, हे मात्र आम्हांला ठाऊक आहे. ती माणसाच्या हाताशी अडते.

मराठी माणसाचे आणि काशीचे नाते फार जुने आहे. एकनाथमहाराजांचे भागवत १५७३ साली काशीतच पुरे झाले. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाला १६७४ साली गागाभट्ट आले ते काशीहून. विश्वेश्वराचे आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधले. घाटांवर शिंद्यांचे, भोसल्यांचे, पेशव्यांचे नाव आजही ऐकू येते. आपल्याकडे पंचगंगा नदी आहे, तर तिकडे पंचगंगा नावाचा घाट आहे, आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून दक्षिणी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी तर सत्तावनच्या धामधुमीतून वाट काढीत गंगेची कावड आपल्या आईबापांसाठी घरी आणली. इतके सगळे असूनही काशीची वर्णने आम्ही जितकी वाचली, तितक्यांत देवळे दिसतात, घाट दिसतात, पंडे दिसतात आणि मरण दिसते. हे घाट चढउतार करणारी, होड्या वल्हवणारी, हजामती करणारी, रेशीम विणणारी काशी क्वचितच दिसते. ती दिसते ती एकाच प्रसंगी. आणि ज्या प्रवाशाने ती आपल्या पुस्तकात आणली, तो निघाला एक इंग्रज पाद्री.

रेजिनाल्ड हेबर हे त्याचे नाव. कलकत्त्याचा बिशप म्हणून तो १८२३ साली हिंदुस्थानात आला. १८२४ च्या पावसाळ्यात तो गंगेतून होडीने वर निघाला आणि सप्टेंबरात काशीस पोचला. पुढल्या साली तो मुंबईस आला, पुणेही त्याने पाहिले, आणि १८२६ मध्ये तिरुचिरापल्लीस त्याचा मृत्यू झाला. त्याचे प्रवासवर्णन १८२८ साली लंडनला प्रसिद्ध झाले. धर्माने तो आपल्या देवांचा मित्र नव्हे. मूर्तिपूजेबद्दल त्याचे मत जे असायचे तेच होते. तरी डोळे उघडे ठेवून हिंडणारा माणूस होता, हे कबूल केले पाहिजे.

त्याची काशी पाहा. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडीचे नावच नको, पालखीसारखे वाहनदेखील मुश्किलीने जाते. दोन्ही बाजूंना उंच दगडी घरे. त्यांच्या भिंतींवर गडद रंगांत फुलदाण्या, माणसे, हत्ती, बैल, देवदेवता रंगवलेल्या. वाटेत शंकराचे नंदी सुस्तपणे आडवे उभे, छपरांवरून माकडे लोंबकळताहेत आणि बनियाच्या दुकानातल्या धान्यात नाहीतर मिठाईत हात घालताहेत. दोन्ही बाजूंना भिकारी आणि गोसावी. इथवर नेहमीचेच. परंतु लगेच तो लिहितो की हे शहर जितके पवित्र तितकेच उद्योगीही आहे: उत्तरेच्या शाली, दक्षिणेचे हिरे, डाक्क्याची मलमल यांची ही पेठ, आणि रेशीम, सूत, लोकर यांचे विणकाम शहरात स्वतःचे. आमच्या दृष्टीने हे वाक्य त्या देवळांच्या वर्णनाइतकेच मोलाचे आहे. (गांधीजी १९०२ साली काशीस गेले तेव्हा ज्ञानवापीपाशी त्यांनी एक पै ठेवली आणि पंड्याचे शिव्याशाप खाल्ले, ती हकीकत आत्मचरित्रात आहे. पंड्याने रागाने पै फेकली, आणि मग परतही घेतली. काशीत पैचाही हिशेब असतो.)

हेबरच्या त्या वर्णनात एक मराठी माणूस आहे. अमृतराव पेशवे. राघोबादादांचा हा दत्तक पुत्र; १८०२ मध्ये होळकरांनी पुणे घेतले तेव्हा काही काळ पेशवाईचा कारभार त्याच्या हाती आला, आणि पुढे कंपनी सरकारने सालीना सात लाखांचे पेन्शन देऊन त्याला उत्तरेत बसवले. हेबर सांगतो की वर्षातून एका सणाच्या दिवशी हा अमृतराव ब्राह्मणांस आणि आंधळ्यापांगळ्यांस तांदूळ आणि एकेक रुपया वाटी. शहराजवळ त्याचा मोठा बाग होता. त्याला दरवाजे चार. तीन मागणाऱ्यांच्या निरनिराळ्या वर्गांसाठी, चौथा स्वतःसाठी आणि नोकरमाणसांसाठी. ज्याला दान मिळाले त्याला बागेत ढकलायचे आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर सोडायचे नाही. नाहीतर तोच माणूस दुसऱ्यांदा रांगेत येईल! बागेत सावली होती, पाणी होते, देव होते. एका दिवसात कधी कधी पन्नास हजारांवर रुपये वाटले जात. अमृतराव वारला तो त्याच १८२४ साली.

दानशूर माणूस, यात शंका नाही. परंतु हे वाचताना आमच्या मनात आले की हा पैसा मूळ कुणाचा? पेशवाईच्या मुलखातल्या रयतेने भरलेल्या साऱ्याचा. तो पुण्याहून इंग्रजांच्या तिजोरीत गेला, तिथून पेन्शन होऊन काशीत आला, आणि एका फाटकबंद बागेत एकेक रुपयाने वाटला गेला. देणारा मोठ्या मनाचा होता, तरी घेणाऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. ही बाग लक्षात ठेवा. कारण हेबर ज्या दुसऱ्या जमावाची हकीकत सांगतो, तो कुणी फाटक लावून कोंडलेला नव्हता.

ती हकीकत हेबर येण्याच्या तेरा-चौदा वर्षे आधीची. काशीत त्याला ती ऐकायला मिळाली आणि त्याने ती पुस्तकात घातली. हेबरच्या पुस्तकाखेरीज या घटनेचा सरकारी पत्रव्यवहारही आहे. तो धरमपाल या अभ्यासकांनी १९७१ साली पुस्तकरूपाने छापला. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

१८१० साली कंपनी सरकारने बंगाल, बिहार आणि काशीकडच्या काही शहरांत घरपट्टी बसवली. काशीकरांचे म्हणणे, हेबरने सांगितले आहे ते असे: मोगलांनी घेतले ते तुम्ही घ्या; जमिनीचा सारा घ्या, बाजारात येणाऱ्या मालावर जकात घ्या; पण आमचे राहते घर आमचे आहे, त्यावर आजवर कुणी हात टाकला नाही. आज घरावर कर घ्याल, तर पुढल्या वर्षी पोराबाळांवरही घ्याल. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, उपयोग झाला नाही. तेव्हा त्या डिसेंबरात, साहेब लोकांच्या ऐन नाताळात, काशीने दुकानांना कुलपे घातली आणि शहराबाहेरच्या माळावर जाऊन धरणे धरले.

धरणे ही वस्तू आपल्याला नवी नाही. देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसायचे आणि तो वळेपर्यंत उठायचे नाही. बसणारा मेला तर पाप देणेकऱ्याच्या माथी. शिंद्यांच्या छावणीत पगार थकलेली मंडळी धरणे धरीत, हे १८०९ साली त्या छावणीत राहिलेल्या ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. हरताळ या शब्दाची गंमत आणखी वेगळी. आपल्या जुन्या लेखकांजवळ हरताळ म्हणजे पिवळे रंगद्रव्य; पोथीत चुकलेल्या अक्षरावर ते फासायचे. बाजाराचा हरताळ मात्र हट्ट आणि ताळा यांतून आला, म्हणजे पेठेला कुलूप, असे सांगतात. काशीकरांनी दोन्ही केले म्हणा. पेठेला कुलूप घातले, आणि सरकारच्या चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासला.

आता यात कोण कोण होते? सरकारी कागदात नावे आहेत, पण ती माणसांची नव्हेत, धंद्यांची. लोहार, मिस्त्री, जुलाहे म्हणजे विणकर, न्हावी, शिंपी, कहार. लोहार मूळ दुसऱ्याच काही कामासाठी जमले होते. तेच या उठावणीच्या अग्रभागी आले आणि बाकीच्यांना चेतवू लागले, अशी साहेबांची तक्रार आहे. गावोगाव 'धर्मपत्री' गेली की घरटी एक माणूस काशीस पाठवा. २६ डिसेंबरचे वर्णन करताना तर अधिकारी लिहितो की प्रेते तशीच गंगेत लोटावी लागली, कारण ज्यांनी क्रियाकर्म करायचे ती माणसे कामावर यायला तयार नव्हती.

इथे थोडे थांबावेसे वाटते. काशी म्हणजे मोक्षाची पेठ. परंतु या पेठेचे सगळे चलनवलन न्हाव्याच्या वस्तऱ्यावर चालते, हे किती जणांच्या ध्यानात येते? क्षौर नाही तर तीर्थविधी नाही. तीर्थविधी नाही तर श्राद्ध नाही. श्राद्ध नाही तर दक्षिणा नाही. नावाड्याने वल्हे ठेवले तर पैलतीरावरचा यात्रेकरू पैलतीरावरच. कहाराने खांदा काढून घेतला तर पालखीतले शेटजी गल्लीच्या तोंडाशीच. आम्ही गिरण्यांच्या, यंत्रमागांच्या दारांत पुष्कळ संप पाहिले. त्यात यंत्र थांबते. काशीत थांबली ती पुण्यप्राप्ती. संपाचे याहून मोठे हत्यार कोणत्या कारखान्यात मिळणार?

आणखी एक गोष्ट. हे घडण्याच्या चौदा महिने आधी, १८०९ च्या ऑक्टोबरात, याच काशीत लाट भैरवाच्या जागेवरून हिंदुमुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. तिथला पूज्य मानलेला स्तंभ पाडला गेला, रक्तपात झाला, सैन्य आणावे लागले. हेबर ही हकीकतही देतो, आणि तिला लागूनच घरपट्टीची. दंग्याच्या जखमा वाळल्या नव्हत्या, तोच हिंदू लोहार आणि मुसलमान विणकर एका माळावर मांडीला मांडी लावून बसले. त्यांचा एकमेकांवर एकाएकी लोभ जडला होता, असे आम्ही म्हणत नाही. घरपट्टीची पावती दोघांच्याही नावे येणार होती, एवढेच. पण तेवढे पुरले.

किती माणसे बसली? कलेक्टर म्हणतो वीस हजारांवर. हेबर म्हणतो तीन लाखांहून जास्त. १८२९ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने काशीची मोजदाद केली, तीत सारे शहर मिळून एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास भरते. तेव्हा हेबरचा आकडा खेड्यापाड्यांतले धरूनही सैलच म्हणायचा. आम्हांला यात काही नवल वाटले नाही. मोर्चाचा आकडा पोलिसांच्या डायरीत एक असतो, आणि आमच्या व्यासपीठावरून दुसरा. हेबरला कुणीतरी व्यासपीठावरचा सांगितला असणार!

परंतु दोघेही एका गोष्टीवर एकमत आहेत. हा जमाव शांत होता. चुली पेटवायच्या नाहीत, हाताची घडी, मान खाली, आणि बसून राहायचे. बर्ड नावाच्या मॅजिस्ट्रेटची मोठीच पंचाईत झाली. सरकारी पत्रात वर कळवले गेले की निःशस्त्र असण्यातच आपली सुरक्षितता आहे, असे या लोकांस वाटते. अशा निरुपद्रवी शत्रूवर फौज हत्यार चालवणार नाही, या भरवशावर ते आहेत. हे पत्र १८११ च्या जानेवारीतले. गांधीजींचा जन्म व्हायला अजून अठ्ठावन वर्षे होती.

तरीही संपाचे खरे दुखणे पोट. जमलेल्यांच्या भाकरीसाठी ज्ञातिज्ञातींनी वर्गणी काढली, काही बड्यांनीही हात लावला. तेवढ्यावर किती दिवस निघणार? या ठिकाणी आम्हांला १९८२ चे साल आठवते. मुंबईच्या गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झाला आणि आमच्या आजरा, चंदगड, भुदरगडाकडची माणसे ट्रंका घेऊन गावी परत आली. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. पहिले चार महिने गावाने त्यांना हसतमुखाने जेवू घातले. दिवाळीनंतर घराघरांतून भाकरी मोजल्या जाऊ लागल्या. कुणाचा दोष नव्हता. कणगीला तळ असतो. काशीच्या माळावरही तेच झाले असले पाहिजे. हेबर सांगतो की दहा हजारांनी कलकत्त्यास चालत जाऊन लाटसाहेबांपुढेच गाऱ्हाणे मांडावे असे ठरले. पण एवढ्यांच्या शिध्याची व्यवस्था कुणी करायची यावर घोळ पडला, आणि निघालेले लोकही हळूहळू गळाले. इकडे सरकारने देवळे-मशिदी आणि अगदी गरिबांची घरे करातून वगळली, काशीच्या राजाला मध्यस्थ घातले, आणि १८११ च्या जानेवारी अखेरीपर्यंत माळ बराचसा रिकामा झाला.

मग हरताळ फसला का? साहेबांच्या दप्तरात तो मोडला अशीच नोंद आहे. परंतु घरपट्टीचा कायदा काशीत टिकला नाही; वर्ष-दोन वर्षांत सरकारने तो मागे घेतला. हेबरने सरकारच्या या शहाणपणाची तारीफ केली आहे. नाहीतर साऱ्या हिंदुस्थानात वणवा पेटला असता, असे त्याचे मत. लोक आधी उठवायचे आणि मग मागणी गुपचूप मान्य करायची, ही रीत आमच्या ओळखीची आहे. वाटाघाटीच्या टेबलावर मालक 'नाही' म्हणून उठतो आणि पुढल्या पगाराच्या पाकिटात वाढ सापडते. मान त्याची राहते, पैसे आपले.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. शहराच्या वेशीवर टोलनाके बसले तेव्हा आपणही हेच म्हटले होते की गाव आमचे, रस्ता आमचा, आणि घरी जायला पैसे द्यायचे? प्रा. एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे पुढे होते. त्यांच्या मागे वकील होते, रिक्षावाले होते, तालमींतली पोरे होती, भाजीवाल्या बायका होत्या. २०१४ च्या जानेवारीत नाके जळलेही. काशीकरांच्या शिस्तीत आपण थोडे कमी पडलो, हे मान्य करू. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. पानसरे तो दिवस पाहायला नव्हते; त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

काही वर्षांमागे संघटनेच्या एका बैठकीसाठी आम्हांस काशीस जाण्याचा योग आला. पहाटे होडीतून घाट पाहिले. ते दृश्य खरोखरच अपूर्व आहे. त्याला नावे ठेवील तो अरसिक. विश्वेश्वराच्या देवळापासून थेट गंगेपर्यंत २०२१ साली मोठा मोकळा मार्ग झाला आहे, त्यामुळे हेबरच्या त्या कोंदट गल्ल्यांपैकी तिथल्या कितीएक आता राहिल्या नाहीत. आम्ही नावाड्याला विचारले की घरपट्टीच्या हरताळाचे काही ऐकले आहे का? त्याला तो नव्हता ठाऊक. पण नावाड्यांनी होड्या बांधून ठेवल्या की काय होते, ते मात्र त्याने चांगले रंगवून सांगितले.

दुपारी मदनपुऱ्यात गेलो. मुसलमान विणकरांची ही जुनी वस्ती. आमच्या इचलकरंजीच्या मागांची खडखड कानांत घेऊन आम्ही गेलेलो, त्यामुळे हातमागाचा आवाज फार हळू वाटला. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून एक वयस्क गृहस्थ जरीचा काठ उतरवीत बसले होते. शेजारच्या घरात यंत्रमाग लागले होते. त्यांनी आम्हांला खाली सतरंजीवर बसवले, चहा मागवला. शालू दुकानात कितीला जातो हे त्यांनी सांगितले, आणि विणणाऱ्याच्या हातात त्यातले किती पडते हेही सांगितले. आम्ही आकडे वहीत टिपून घेतले. ती आमची सवय.

मग त्यांनी विचारले, 'तुम्ही कुठले?' आम्ही कोल्हापूर म्हणालो. महालक्ष्मीचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या पायांतल्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या, त्यांच्याकडे मात्र त्यांनी बोट दाखवले. एक चप्पल मागवून घेतली, उलटी केली, वादीची शिवण अंगठ्याने चाचपून पाहिली आणि म्हणाले, 'हे हाताचे काम आहे. शिवणाऱ्याला एका जोडामागे काय मिळते?'

आम्ही सांगितले. ते ऐकून त्यांनी चप्पल जागच्या जागी नीट ठेवायला लावली, आणि धोटा पुन्हा हातात घेतला.